पहिलीच चोरी, वय २०: सहा महिने आत की परिवीक्षा?

विधी_तिसरं_वर्ष:

आमच्या विधी साहाय्य कक्षाचं तालुक्याच्या गावी शिबिर आहे. चर्चेला एक काल्पनिक खटला ठेवतोय. मुलगा गुन्ह्याच्या वेळी १९ वर्षांचा, आता २०. डिलिव्हरीचं काम करतो. मोबाइलच्या दुकानात काउंटरवरून १४,००० रुपयांचा फोन उचलला. आठवड्याभरात सापडला, फोनही मिळाला. आधी कुठलाही गुन्हा नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवलं. पुढे काय?

गावात दोन तट पडणार हे ठरलेलं आहे. एक म्हणणार, टाका सहा महिने आत, अक्कल येईल. दुसरा म्हणणार, पोरवयातली चूक, सोडून द्या. मला विचारायचंय ते असं: या दोन टोकांच्या मध्ये कायद्यात काय आहे आणि ते मागायचं कसं? नव्या न्याय संहितेतली समाजसेवेची शिक्षा इथे बसते का? परिवीक्षेत (प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर बाहेर सोडणं) प्रत्यक्ष काही घडतं की नुसता कागद असतो? आणि दुकानदाराच्या हाती काय लागतं? 'नॉर्वेत बघा कसं असतं' अशी उत्तरं कृपया नकोत, आपल्याकडचं सांगा.

फौजदारी_वरांडा:

समाजसेवेचं आधी निकालात काढू, कारण त्याचं उत्तर 'नाही' आहे.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि कलम ४ मध्ये समाजसेवा ही शिक्षा आली खरी, पण ती सहाच गुन्ह्यांना आहे. सरकारी नोकराने बेकायदा व्यापार करणं (२०२), उद्घोषणा निघूनही हजर न होणं (२०९), सरकारी नोकरावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न (२२६), ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी (३०३(२)), दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ (३५५) आणि बदनामी (३५६). तुमचा फोन १४,००० चा, म्हणजे विषय संपला. पण तो ४,००० चा असता तरी फरक पडला नसता. दुकान ही माल ठेवायची इमारत, म्हणून तिथली चोरी कलम ३०५ मध्ये जाते: सात वर्षांपर्यंत कैद, समाजसेवेचा पर्याय नाही. रस्त्यावरच्या हातगाडीवरून उचलला असता तर ३०३. बरं, ३०३ मधली ५,००० च्या आतली चोरी आता अदखलपात्र केली आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय पोलीस तपासाला हात लावू शकत नाहीत. म्हणजे ज्या चोरीसाठी ही शिक्षा आणली, तिचा एनसीचा (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा) कागद होतो आणि बहुधा तिथेच राहतो. समाजसेवा किती तास, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हेही संहितेत लिहिलेलं नाही.

शिबिरात कोणीतरी पुण्याच्या पोर्शे अपघातातला ३०० शब्दांचा निबंध काढणारच. ती मे २०२४ मध्ये बाल न्याय मंडळाने घातलेली जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. तुमचा मुलगा १९ वर्षांचा होता, बाल न्याय कायद्याचा इथे संबंध येत नाही.

आता मधला रस्ता. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. यातली चार कलमं शिबिराला पुरेशी आहेत.

कलम ३: सक्त ताकीद देऊन सोडणं. आधीची दोषसिद्धी नसेल आणि गुन्हा चोरी, घरातली चोरी, नोकराने केलेली चोरी, फसवणूक अशा यादीतला किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा असेल तर. कायद्यात भारतीय दंड संहितेचे जुने आकडे (३७९, ३८०, ३८१, ४०४, ४२०) आहेत. ते नव्या संहितेतल्या तत्सम कलमांना लागू धरायचे.

कलम ४: चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. शिक्षा त्या वेळी सुनावली जात नाही, टांगती राहते. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली तर ती किमान एक वर्षाची.

कलम ५: याच आदेशात नुकसानभरपाई आणि खर्च.

कलम ६ हे तुमच्या खटल्याचं मर्म. वय २१ च्या आत असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर कैदेची शिक्षा हा अपवाद ठरतो. न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे, आणि तरीही तुरुंगात पाठवायचं तर कारणं लिहून ठेवली पाहिजेत. पण वय कोणत्या दिवसाचं? गुन्ह्याच्या दिवसाचं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये रामजी मिस्सर खटल्यात सांगितलंय, की पहिलं न्यायालय आरोपीला दोषी ठरवून शिक्षेचा विचार करतं त्या दिवसाचं. तुमच्या काल्पनिक खटल्याचा निकाल वर्षभरात लागला म्हणून मुलगा २० चा आहे. तोच खटला तीन वर्षं चालला तर मुलगा २२ चा होतो, कलम ६ चं संरक्षण जातं आणि उरतं ते कलम ४, तेही न्यायालयाच्या मर्जीवर. तारखा कोणी घेतल्या याला महत्त्व नाही.

मागायचं कसं, ते सांगतो. अर्ज निकालाच्या दिवशी तयार हवा. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत ऐकून घेणं न्यायालयावर बंधनकारक आहे, पण ते बऱ्याचदा त्याच दुपारी उरकतं. 'आरोपी गरीब आहे, घरात एकटा कमावता आहे, दया दाखवावी' एवढं एक वाक्य रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत) पडतं आणि सहा महिने लागतात. त्याऐवजी सोबत हे न्या: शाळा सोडल्याचा दाखला (वयासाठी, आधारवरच्या जन्मतारखेवर हरकत येऊ शकते), राहत्या पत्त्याचा पुरावा, मालकाचं पत्र, जामीनदार आणि त्याची कागदपत्रं, दुकानदाराला काही रक्कम द्यायची तयारी असल्याचं प्रतिज्ञापत्र. अर्जात कलम ३, ४ आणि ६ स्पष्ट लिहा आणि अहवाल मागवण्याची विनंती वेगळ्या परिच्छेदात करा.

अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४०१ खाली (जुनं ३६०) टाकणारे वकील आहेत. त्या कलमात परिवीक्षा अधिकारी नाही, त्याचा अहवाल नाही, देखरेख नाही. १९५८ चा कायदा लागू असलेल्या ठिकाणी तोच चालवायचा.

वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातून मोफत मिळतो. खालच्या न्यायालयात कोणी मागितलं नसेल तर अपिलातही परिवीक्षा मागता येते, कलम ११ तसं सांगतं.

सरकारतर्फे:

वरचं बरोबर आहे. पण ऐकून लोकांचा समज होईल, की तरुण असला आणि पहिला गुन्हा असला की सुटका. तसं नाही, आणि नसावंही.

कुठे मिळत नाही ते आधी लिहून घ्या. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १९ ने १८ वर्षांवरच्या दोषीला परिवीक्षेचा दरवाजा बंद आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३३ मुळे १८ च्या आतले आणि कलम २६ किंवा २७ चे दोषी सोडून कोणालाच नाही. (तिथे व्यसनींसाठी वेगळी वाट आहे: कलम ३९ खाली उपचारासाठी सोडता येतं.) बेदरकार गाडी चालवून जीव घेतला असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग खटल्यात सांगितलं, की अशा गुन्ह्यात परिवीक्षेचा फायदा सहज देऊ नका. ते मला पटतं. चोरी करणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक असतं आणि ते थांबवायला बाहेरून दबाव पुरतो. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला मुळात आपण काही चुकीचं करतोय असंच वाटत नसतं.

दुसरं म्हणजे 'पहिला गुन्हा' म्हणजे पहिल्यांदा सापडलेला गुन्हा. दुचाकी चोरणाऱ्या, मंगळसूत्र ओढणाऱ्या टोळ्या मुद्दाम १८-१९ ची पोरं पुढे काढतात. सापडली तर कोवळं वय दाखवता येतं. म्हणून आम्ही शिक्षेच्या सुनावणीत तीन गोष्टी समोर ठेवतो: इतर ठाण्यांत प्रलंबित गुन्हे आहेत का, माल कोणाकडे विकला किंवा गहाण टाकला, आणि चोरीला तयारी होती का (बनावट नंबरप्लेट, हत्यार, टेहळणी). प्रलंबित गुन्हा म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मान्य. पण कलम ४ मध्ये 'गुन्ह्याचं स्वरूप आणि अपराध्याचं चारित्र्य' बघायला सांगितलंय आणि त्यात हे येतं. तुमच्या मुलाने काउंटरवर पडलेला फोन उचलला, आठवडाभर स्वतःच वापरला असेल तर चित्र वेगळं. तोच फोन दुसऱ्या दिवशी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बदलून मिळाला तर मी विरोध करीन.

दुकानदाराचं काय, यावर कोणीच बोलत नाही. फोन जप्त झाला की मुद्देमाल होतो आणि खटला संपेपर्यंत पोलीस ठाण्याच्या कपाटात पडतो. तसा पडू देण्याची गरज नाही. सुपुर्दनाम्यावर (लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर) तो लवकर परत मागता येतो, फोटो आणि पंचनामा करून न्यायालय देतं. बहुतेक फिर्यादींना हे कोणी सांगतच नाही. उरलेलं नुकसान, म्हणजे दुकान बंद ठेवून मारलेले हेलपाटे, फुटलेली काच, हे कलम ५ खाली मागता येतं, पण त्याचा आकडा कोणीतरी न्यायालयाला सांगावा लागतो. बिलं जोडा. भरपाई अपुरी वाटली तर फिर्यादीला अपील करता येतं. शिक्षा कमी वाटली म्हणून मात्र त्याला अपील नाही, तो अधिकार सरकारचा.

शिक्षा झाली तर दुकानदाराला काय मिळतं हेही विचारा. दंडाची रक्कम सरकारजमा होते. त्यातून भरपाई द्यायचा आदेश झाला तरच त्याच्या हाती पडते. मुलगा आत असेपर्यंत त्याच्याकडून एक पैसा वसूल होत नाही.

अनुरक्षण:

परिवीक्षा म्हणजे नुसता कागद का, यावर लिहितो. आमच्या राज्यात परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागात बसतो. गृह खात्यात नाही, न्यायालयात नाही, कारागृह विभागात नाही. निम्मं दुखणं इथूनच सुरू होतं. त्याच माणसाकडे बाल न्याय मंडळाचे सामाजिक तपासणी अहवाल आणि बालगृहांची कामं असतात, आणि त्यांना मुदती असतात. प्रौढ अपराध्याचा अहवाल त्या ढिगाच्या तळाशी जातो. न्यायालयाचं पत्र जिल्हा कार्यालयात पोचलं की नाही हे बघायला वकिलाने स्वतः जावं. पत्र आवक-जावकमध्ये अडकलं तर तारीख येते, अहवाल नसतो, आणि २१ वरच्या आरोपीच्या बाबतीत न्यायालय 'अहवाल असल्यास' या शब्दांचा आधार घेऊन पुढे जाऊ शकतं.

चांगला अहवाल दोन-तीन पानांचा असतो आणि त्याला घरभेट लागतेच. घरात कोण कोण, कमाई किती, कर्ज किती, शाळा कधी सुटली आणि का, कामावर हजेरी कशी, व्यसन कोणतं आणि किती, संगत कोणाची, शेजारी काय म्हणतात, पोलीस ठाण्यात काय नोंद आहे. आणि मुलगा स्वतः त्या चोरीबद्दल काय बोलतो. 'झालं गेलं, वकील बघतोय' म्हणणारा मुलगा आणि 'हप्ता थकला होता, मालकाला विचारायची लाज वाटली' म्हणणारा मुलगा यांना एकच अटी लावून उपयोग नाही. वाईट अहवाल ओळखणंही सोपं: 'सदर इसमाची वर्तणूक चांगली असून सोडण्यास हरकत नाही' एवढ्यात संपतो. असा अहवाल सरकारी वकील एका प्रश्नात उडवतात, आणि ते रास्तच आहे. अहवाल गोपनीय असतो. न्यायालय त्यातला मथितार्थ आरोपीला सांगू शकतं, म्हणून वकिलाने तो विचारावा.

अटींचं तेच. कायद्यात राहण्याचं ठिकाण, नशेपासून दूर राहणं आणि 'इतर बाबी' अशी मोकळीक आहे. आदेशात मात्र एकच ठरीव ओळ येते: शांतता राखावी, बोलावल्यावर हजर राहावं. तुमच्या मुलासाठी अर्जातच नेमक्या अटी सुचवा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अधिकाऱ्याकडे हजेरी. पहिले सहा महिने मालकाचं हजेरीपत्रक दाखवणं. दुकानदाराला ठरलेली भरपाई सहा हप्त्यांत, प्रत्येक पावती न्यायालयात. पत्ता बदलला तर सात दिवसांत कळवणं. चारच अटी, पण सगळ्या तपासता येण्याजोग्या. 'वाईट संगत टाळावी' ही अट कशी मोजणार?

मोडली तर? कलम ९ खाली न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढतं आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिल्याच चुकीला बंधपत्र चालू ठेवून दंड करायची सोय आहे, आणि त्या दंडाची मर्यादा अजून ५० रुपये आहे. १९५८ चे ५० रुपये. त्यामुळे न्यायालयापुढे एकीकडे चहापाण्याएवढा दंड आणि दुसरीकडे थेट तुरुंग, असे दोनच दांडे हातात राहतात. व्यवहारात अधिकारी मोडलेली अट कळवायलाच कचरतो. यावर निम्मा इलाज कलम ८ मध्ये आहे: अट मोडायची वाट न बघता, अडचण दिसताच अटींत बदल मागायचा. कामाची पाळी बदलली, हजेरीचा वार जमत नाही, तर अधिकाऱ्यामार्फत अर्ज करून वार बदला.

सगळ्यात मोठा अन्याय कलम ४ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) आहे. अपराधी किंवा त्याचा जामीनदार यांचं न्यायालयाच्या हद्दीत, किंवा बंधपत्राच्या काळात अपराधी राहणार असेल तिथे, कायम राहण्याचं ठिकाण किंवा नियमित काम असल्याची खात्री न्यायालयाला पटली पाहिजे. ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचं कुटुंब, पालावर राहणारा पारधी तरुण, भाड्याच्या खोलीत पाच जणांत राहणारा परप्रांतीय मजूर यांना हे कुठून जमणार? सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात कारागृह नियमावल्यांतला जातिभेद आणि विमुक्त जमातींना 'सराईत' ठरवणारी वर्गवारी रद्दबातल केली. पण पत्त्याच्या या अटीमुळे तीच माणसं आधीच्या पायरीवर गळतात. परंतुकात 'किंवा जामीनदार' असं आहे हे विसरू नका. हद्दीतला मुकादम, भट्टीमालक, शाळेतले गुरुजी, कोणीही पक्क्या पत्त्याचा जामीनदार पुढे आला तर पुरतं. मुंबई-ठाण्यात 'प्रयास' हा टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प अशा लोकांसोबत काम करतो. जिल्ह्याच्या गावी परिवीक्षा व अनुरक्षण संघटनेकडे चौकशी करा.

सर्कल_दोन:

आता तुरुंगाच्या आतली बाजू, कारण 'सहा महिन्यांत अक्कल येते' म्हणणाऱ्यांना आत काय चालतं याचा अंदाज नसतो.

आपल्या कारागृहांत सुधारणेची म्हणून जी जी सोय आहे, ती लांबच्या शिक्षेच्या बंद्यासाठी बेतलेली आहे. कारखान्यात सुतारकाम, विणकाम, बेकरी शिकायला अकुशलपासून सुरुवात, मग अर्धकुशल, मग कुशल, मजुरी त्याप्रमाणे. संचित रजेचे (फर्लोचे) १९५९ चे नियम मुळात एक वर्षाहून जास्त शिक्षा असलेल्यांसाठी. खुल्या कारागृहाला आधी बंद कारागृहात चांगल्या वर्तनाची काही वर्षं लागतात. जन्मठेपेच्या बंद्याला येरवडा किंवा पैठणच्या खुल्या कारागृहात शेती करता येते. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत आहे, औंध संस्थानाने १९३९ मध्ये वसवलेली. तिथे बंदी बायकामुलांसह राहून शेती करतो. नॉर्वे नको म्हणालात, ते बरंच झालं.

आता गंमत बघा. खून केलेल्या माणसासाठी काम, मजुरी, रजा, माफी, कुटुंबाचा सहवास अशी एक वाट आखलेली आहे, आणि ती बऱ्यापैकी चालते. फोन चोरलेल्या पोराला सहा महिन्यांची सक्तमजुरी लागली तर यातलं काहीही त्याच्या वाट्याला येत नाही. आल्यावर तपासणी, नोंद, बराक. काम लागलंच तर झाडलोट किंवा भटारखाना. हात बसेपर्यंत सुटकेची तारीख. शिवाय त्यातले काही महिने न्यायाधीन (खटला चालू असलेला कच्चा कैदी) म्हणून आधीच गेलेले असतात, ते शिक्षेतून वजा होतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४६८), आणि न्यायाधीन बंद्याला काम करण्याची सक्तीच नाही. म्हणजे दिवसभर मोकळा, गर्दीच्या बराकीत. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) २०२२ च्या आकडेवारीत देशभरातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन. क्षमतेच्या १३१ टक्के भरणा. तरुणांना वेगळं ठेवायचा नियम आहे, पण जागा नसली की 'वेगळं' म्हणजे त्याच सर्कलमधली (कारागृहाच्या विभागातली) शेजारची बराक.

तिथे त्याला नोकरी देणारा भेटतोच. साबण, बिडी, मुलाखतीला (घरच्यांच्या भेटीला) कोणी न आलेल्याला कॅन्टीनचं सामान, वकिलाचा नंबर, जामीनदाराची सोय, हे सगळं पुरवणारा एखादा जुना बंदी असतो आणि त्याची परतफेड बाहेर आल्यावर करायची असते. @सरकारतर्फे म्हणतात त्या टोळ्यांची भरती इथेच होते. गर्दीतला तुरुंगाधिकारी हे ओळखतो, पण त्याच्याकडे बदलीचा सर्कल नसतो.

बाहेर काय जातं तेही मोजा. डिलिव्हरीचं काम पहिल्या आठवड्यात जातं. गाडीचा हप्ता थकला की फायनान्सवाला गाडी उचलतो. खोलीचं डिपॉझिट भाड्यात वळतं होतं. सुटताना हातात मुलाखतीची पिशवी आणि प्रवासखर्च.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वर्षाच्या आतली कैद पहिल्या, हिंसा नसलेल्या गुन्ह्याला देऊच नये. एकतर परिवीक्षा, नाहीतर गुन्हा खरोखर गंभीर असेल तर काही शिकवता येईल एवढी शिक्षा. मधल्या तीन-सहा महिन्यांत शिक्षाही धड होत नाही आणि सुधारणाही.

सरकारतर्फे:

@सर्कल_दोन, 'पहिल्या, हिंसा नसलेल्या' या शब्दांवर अडतो. घरात बायकोला धमकावणारा, मुलीचा पाठलाग करणारा यांच्या कागदांत हिंसा दिसत नाही. पाठलागाच्या पहिल्या गुन्ह्यात परिवीक्षा म्हणजे त्याला त्याच गल्लीत परत पाठवणं. तिथे निदान 'तिच्या घर-कॉलेजपासून इतकं अंतर, फोन-मेसेज बंद' ही अट आणि तिच्या बाजूने मोडल्याची खबर घेणारा माणूस हवा. तो नसेल तर मी विरोधच करणार. चोरीबद्दल मात्र तुमच्याशी फारसं भांडण नाही.

विधी_तिसरं_वर्ष:

खूपच उपयोगी. एक उपप्रश्न. मुलाला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार नाही म्हणून तो चार महिने आतच आहे असं धरू. घरचे म्हणतात, गुन्हा कबूल कर, 'भोगलेली तेवढीच शिक्षा' म्हणून लगेच सुटशील. शिबिरात हा सल्ला कोणीतरी देणारच. चूक आहे का? आणि पुढे पोलीस भरती किंवा साध्या नोकरीच्या अर्जाचं काय?

फौजदारी_वरांडा:

चूक म्हणण्यापेक्षा महाग आहे. कबुली दिली की दोषसिद्धी नोंदली जाते. मग पुढच्या वेळी कलम ३ ची ताकीद मिळत नाही. न्यायाधीन म्हणून एक तृतीयांश मुदतीनंतर सुटायची सोय (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४७९) फक्त आधी दोषी न ठरलेल्यांना आहे, तीही जाते. आणि कलम ३०३(२) खाली दुसऱ्या दोषसिद्धीला किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, कमाल पाच. आज कलम ३०३ च्या खटल्यात चार महिन्यांवर सुटलेला मुलगा उद्या २,००० रुपयांच्या चोरीत सापडला तर न्यायालयाला वर्षाच्या खाली यायला फारशी जागाच उरत नाही. घरच्यांना हे कोणी सांगत नाही, कारण कबुलीने सगळ्यांचीच त्या दिवशीची तारीख मोकळी होते.

४७९ ची वाट बघत बसण्यातही अर्थ नाही. कलम ३०५ ला कमाल सात वर्षं, त्याचा तिसरा हिस्सा २८ महिने. अशा चोरीत प्रत्यक्ष शिक्षा त्याहून कितीतरी कमी लागते.

खरा इलाज जामिनाच्या अटीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय: जामीन मिळून सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर अटी शिथिल करायच्या का, हे न्यायालय आपणहून पाहू शकतं. प्रत्यक्षात आपणहून क्वचितच होतं. महिना भरला की जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर) किंवा कमी रोख रकमेवर सोडण्याचा अर्ज टाका. गरीब बंद्यांसाठीच्या केंद्राच्या २०२३ च्या योजनेत जामिनासाठी ४०,००० आणि दोषी ठरलेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरली होती. प्रस्ताव जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

कबुलीच द्यायची असेल तर ती फुकट देऊ नका. दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत प्ली बार्गेनिंगचा (कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेच्या तडजोडीचा) अर्ज करता येतो. त्यात दुकानदाराशी बसून भरपाई ठरते आणि पहिल्या गुन्ह्याला नेमून दिलेल्या शिक्षेच्या एक षष्ठांशापर्यंत शिक्षा उतरते. परिवीक्षाही मागता येते. किमान शिक्षा ठरलेली असेल तर शिक्षा तिच्या एक चतुर्थांशापर्यंत उतरते.

नोकरीबद्दल: कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्याला कलम १२ मुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या बक्षी राम निकालात हे स्पष्ट केलंय. म्हणून साक्षांकन नमुन्यात (नोकरीआधी स्वतःची माहिती भरून द्यायच्या अर्जात) 'कधी दोषी ठरवलं आहे का' असा रकाना असेल तर 'होय' लिहायचं आणि कलम १२ चा उल्लेख करून आदेशाची प्रत जोडायची. 'नाही' लिहिलं आणि चारित्र्य पडताळणीत निघालं, तर नोकरी चोरीमुळे जात नाही, लपवल्यामुळे जाते. अवतार सिंग (२०१६) निकालात क्षुल्लक गुन्ह्याची माहिती लपवली असेल तर मालकाला दुर्लक्ष करायची मुभा आहे, पण ती त्याची मर्जी. पोलीस भरतीत तिच्यावर विसंबू नये.

अनुरक्षण:

त्याला जोडून एकच. बंधपत्राची मुदत संपली की आपोआप कुठलाही दाखला घरी येत नाही. शेवटच्या हजेरीला अधिकाऱ्याकडून समाप्ती अहवाल न्यायालयात गेल्याची खात्री करा, मग नकलेचा अर्ज टाकून निकालपत्र, परिवीक्षेचा आदेश आणि तो अहवाल, तिन्हींच्या प्रमाणित प्रती दोन-दोन काढा. एक संच घरी, एक जामीनदाराकडे. खटल्याची कागदपत्रं अभिलेख कक्षात गेली की हीच नक्कल मिळवायला महिने जातात.